पॉवर आणि कंट्रोलची ग्राउंड वेगळी करताना

मोटर सुरू झाली की कंट्रोलर रिसेट होतो. रिले सुटताना डिस्प्लेवर भलतीच अक्षरं उमटतात. पंप चालू असेपर्यंत तापमान तीन-साडेतीन अंशांनी जास्त दिसतं आणि पंप बंद केला की मुकाट्याने जागेवर येतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कंट्रोल बोर्डांची तक्रार बहुतेक वेळा या तिघांपैकी एक असते, आणि सोबत एक वाक्य हमखास येतं: "ऑप्टोकपलर लावलेत, तरीही होतंय." ऑप्टोकपलर म्हणजे वायरीने न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा पार्ट. बोर्ड उलटा करून बघावं, तर ऑप्टोकपलरच्या दोन्ही बाजूंच्या ग्राउंडच्या पिना एकाच अखंड कॉपरला सोल्डर केलेल्या असतात.

आयसोलेशन, म्हणजे दोन बाजू विजेने कुठेही न जोडणं, ही अख्ख्या उपकरणातून जाणारी एक रेषा असते. रेषेच्या एका बाजूला पॉवर, दुसऱ्या बाजूला कंट्रोल. ती ओलांडणारी प्रत्येक वायर, प्रत्येक स्क्रू आणि प्रत्येक केबल तुम्हाला माहीत असली पाहिजे. एक जरी नजरेतून सुटली, तरी बाकी सगळ्या ऑप्टोकपलरांवर घेतलेली मेहनत पाण्यात जाते. म्हणून पार्ट निवडण्याआधी मी रेषा काढते, आणि इथेही त्याच क्रमाने सांगते आहे.

त्रास नेमका कुठून येतो

सर्किट कागदावर काढताना ग्राउंडची वायर म्हणजे सगळीकडे शून्य व्होल्ट असं आपण धरून चालतो. पण तीही इतर वायरींसारखीच तांब्याची वायर. १ चौरस मिमी जाडीची, १ मीटर लांबीची वायर घेतली तर तिचा रेझिस्टन्स साधारण १७ मिलिओहम भरतो. तिच्यातून पंपाचे २ अँपिअर परत जात असतील तर तिच्या दोन टोकांमध्ये ३४ मिलिव्होल्टचा फरक पडतो. तापमानाचा सेन्सर एलएम३५ असेल तर तो दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. त्याचं ग्राउंड या वायरच्या एका टोकाला आणि कंट्रोलरचं ग्राउंड दुसऱ्या टोकाला असेल, तर ३४ मिलिव्होल्ट म्हणजे ३.४ अंश. तिसऱ्या तक्रारीचं उत्तर इथेच मिळालं. सेन्सरही निर्दोष आणि प्रोग्रॅमही.

पहिल्या दोन तक्रारींमागे रेझिस्टन्सपेक्षा इंडक्टन्सचा हात जास्त असतो. सरळ वायरचा इंडक्टन्स ढोबळमानाने मीटरला १ मायक्रोहेन्री धरला, तर १० सेंटिमीटरच्या तुकड्याचा होतो ०.१ मायक्रोहेन्री. मॉसफेटने (करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरने) १० अँपिअर १०० नॅनोसेकंदांत तोडले की त्या दहा सेंटिमीटरवर क्षणभर १० व्होल्ट उभे राहतात. ५ व्होल्टवर चालणारा एटीमेगा कंट्रोलर १.५ व्होल्टच्या खालच्या इनपुटला लो समजतो आणि ३ व्होल्टच्या वरच्याला हाय. त्याच्याच ग्राउंडला असा धक्का बसल्यावर रिसेटच्या पिनवर तो काय वाचेल याचा काही भरवसा नाही. मल्टिमीटरवर यातलं काहीही दिसत नाही. सगळा खेळ एका मायक्रोसेकंदाच्या आत आटोपलेला असतो.

आयसोलेशन लागणारच आहे का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण बऱ्याचदा उत्तर "नाही" असतं. वरचा पंप १२ व्होल्टवर चालणारा असेल, सप्लाय एकच असेल आणि सगळं एकाच डब्यात असेल, तर पंपाची परतीची वायर थेट सप्लायच्या मायनस टर्मिनलवर न्या. कंट्रोल बोर्डाची परतीची वायर वेगळी, तीही त्याच टर्मिनलवर. दोन्ही करंटांचा रस्ता वेगळा झाला की ३४ मिलिव्होल्ट कंट्रोलच्या वाटेत येतच नाहीत. पंपाच्या दोन टोकांना उलटा डायोड, कंट्रोलरच्या प्रत्येक सप्लाय पिनला अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, एवढं केलं की निम्म्याहून अधिक बोर्ड शांत होतात. एवढं करायचं सोडून कुणी थेट ऑप्टोकपलरची रांग लावली की मला वाईट वाटतं, कारण त्रास तसाच राहतो आणि पुढच्या दुरुस्तीला पार्ट मात्र वाढलेले असतात.

आयसोलेशन खरोखर लागतं ते अशा ठिकाणी. पॉवरची बाजू मेन्सला, म्हणजे २३० व्होल्टला, थेट जोडलेली असेल आणि कंट्रोलच्या बाजूला माणसाचा हात लागणार असेल. इथे नॉइज (सिग्नलमध्ये घुसणारा नको असलेला विद्युत गोंधळ) हा दुय्यम मुद्दा, जीव पहिला. दोन उपकरणं लांब केबलने जोडलेली असतील आणि दोघांना आपापला सप्लाय, आपापलं अर्थिंग असेल. हाफ ब्रिजमधला (सप्लायच्या दोन टोकांमध्ये एकावर एक जोडलेल्या दोन मॉसफेटपैकी) वरचा मॉसफेट चालवायचा असेल, ज्याचा सोर्स शून्यापासून पूर्ण बस व्होल्टेजपर्यंत नाचत असतो. तिथे बूटस्ट्रॅप ड्रायव्हर (वरच्या गेटसाठी कपॅसिटरमध्ये चार्ज साठवणारा) चालतो, पण करंट आणि व्होल्टेज वाढले की मी आयसोलेटेड ड्रायव्हरच घेते. आणि वेल्डिंग मशीन किंवा मोठा इन्व्हर्टर, जिथे ग्राउंड कितीही नीट ओढलं तरी पुरत नाही.

मेन्सवर याआधी काम केलेलं नसेल तर ते काम करणारं माणूस शेजारी असल्याशिवाय या लेखातला मेन्सचा भाग हाती घेऊ नका. हे मी औपचारिकता म्हणून लिहीत नाही.

रेषा काढा

एक कागद घ्या. डावीकडे कंट्रोलमधले ठोकळे: कंट्रोलर, डिस्प्ले, बटणं, यूएसबी. उजवीकडे पॉवरचे: मॉसफेट, रिले, ट्रायॅक (एसी लोड चालू-बंद करणारा पार्ट), मोटर. मध्ये लाल पेन्सिलने उभी रेषा. आता रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला क्रमांक द्या. सिग्नल सगळ्यांना आठवतात. सप्लाय निम्म्या लोकांना आठवतो. केबलचं शील्ड, हीटसिंकचा स्क्रू, प्रोग्रॅमिंगची केबल, फॅनची वायर आणि धातूचा डबा जवळजवळ कुणालाच आठवत नाहीत, म्हणून ते मुद्दाम आधी लिहा.

मग सर्किट डायग्राम. दोन्ही बाजूंच्या ग्राउंडला वेगळं चिन्ह आणि वेगळं नाव द्या. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे तेच एक ग्राउंडचं चिन्ह टाकलंत, तर पीसीबी बनवताना ते सॉफ्टवेअर इमानेइतबारे दोन्ही ग्राउंड जोडून देतं आणि कसलीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. सुरुवातीला सांगितलेला अखंड कॉपर बहुतेक वेळा असाच तयार होतो. चिन्हं वेगळी ठेवली की एखादा पार्ट चुकून दोन्हींना लागला तरी डिझाइन तपासणीत तो पकडला जातो.

सप्लाय

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. सिग्नलला कितीही उत्तम आयसोलेटर लावला आणि दोन्ही बाजू एकाच सप्लायवर चालवल्या, तर मायनसच्या वायरीतून दोन्ही ग्राउंड जोडलेलीच राहतात.

एलएम२५९६चं छोटं बक (व्होल्टेज कमी करणारं) मॉड्यूल बऱ्याच जणांना वेगळा सप्लाय वाटतं. २४ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, म्हणजे वेगळं झालं असा समज असतो. पण त्याचा इनपुटचा मायनस आणि आउटपुटचा मायनस एकच आहे. मल्टिमीटरचा बझर लावून बघा, लगेच वाजेल. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचंही तेच. मेन्समधून कपॅसिटर टाकून थेट ५ व्होल्ट काढणारी बिनट्रान्सफॉर्मरची सर्किट तर याहून वाईट, कारण तिथे कंट्रोलचं ग्राउंड ही मेन्सचीच एक वायर असते. अशा बोर्डाला बटण, सेन्सर किंवा यूएसबी, म्हणजे माणूस स्पर्श करील असं काहीही जोडायचं नाही.

खऱ्या वेगळेपणासाठी मधे ट्रान्सफॉर्मर लागतोच, मग तो ५० हर्ट्झचा जड ट्रान्सफॉर्मर असो की स्विचिंग सप्लायमधला बोटाएवढा. दोन वेगळी सेकंडरी वाइंडिंग असलेला ट्रान्सफॉर्मर हा माझा आवडता मार्ग आहे. साधा, टिकाऊ, आणि कुठलं वाइंडिंग कुठे जातं ते डोळ्यांना दिसतं. दोन वेगळे अॅडॅप्टर वापरले तरी चालतं, फक्त एक तपासा: तीन पिनांच्या काही सप्लायमध्ये आउटपुटचा मायनस अर्थला जोडलेला असतो. संगणकाच्या एटीएक्स सप्लायमध्ये तो असतोच. असे दोन सप्लाय घेतले तर दोन्ही ग्राउंड भिंतीतल्या अर्थच्या वायरीतून भेटतात आणि तुमच्या पीसीबीवर त्याचा मागमूसही दिसत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे बी०५०५एससारखं चार पिनांचं आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल. ५ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, १ वॉट, म्हणजे २०० मिलिअँपिअर. कमी व्होल्टेजच्या दोन बाजूंमधला नॉइज तोडायला हे उत्तम आहे. मात्र याच्या आत रेग्युलेटर नसतो. लोड फार कमी असेल तर आउटपुट ५ व्होल्टच्या बरंच वर जातं, म्हणून निदान दहा टक्के लोड कायम राहील असं बघा. काहीच नसेल तर एक एलईडी आणि रेझिस्टर लावून टाका. नेमके ५ व्होल्ट हवे असतील तर ९ व्होल्ट आउटपुटचं मॉड्यूल घेऊन त्यापुढे ७८०५ लावा. आणि डेटाशीटमधला हजार व्होल्टचा आकडा ही थोडा वेळ केलेल्या चाचणीची मर्यादा आहे, कायम सोसायचं व्होल्टेज नव्हे. मेन्स आणि माणूस यांच्या मधे एवढ्या भरवशावर मी हे मॉड्यूल कधीच ठेवत नाही. तिथे रीइन्फोर्स्ड (दुहेरी संरक्षणाच्या तोडीचं) इन्सुलेशन असलेला, सुरक्षा प्रमाणपत्र मिळालेला सप्लायच हवा.

पॉवरच्या बाजूला किती करंट लागेल याची भीती बाळगू नका. आयआरएफझेड४४एन मॉसफेटचा गेट चार्ज (तो एकदा चालू करायला गेटला लागणारा चार्ज) जास्तीत जास्त ६३ नॅनोकूलंब. तो २० किलोहर्ट्झने चालवला तर सरासरी करंट होतो ६३ नॅनोकूलंब गुणिले २०,०००, म्हणजे १.२६ मिलिअँपिअर. ड्रायव्हर आयसी स्वतःसाठी दहाएक मिलिअँपिअर घेईल. १ वॉटचं १५ व्होल्ट आउटपुटचं मॉड्यूल ६६ मिलिअँपिअर देतं, म्हणजे भरपूर झालं.

सिग्नल

रिले चालवायचा, २४ व्होल्टचा स्विच वाचायचा, अशा संथ कामाला पीसी८१७ अगदी पुरेसा आहे. त्याचं गणित एकदा हाताने करा. कंट्रोलर ३.३ व्होल्टचा, ऑप्टोकपलरच्या आतल्या एलईडीवर १.२ व्होल्ट पडतात, करंट ५ मिलिअँपिअर हवा. ३.३ वजा १.२, भागिले ५ मिलिअँपिअर, म्हणजे ४२० ओहम; ३९० ओहमचा रेझिस्टर लावा. आता आउटपुट बघू. पीसी८१७चा करंट ट्रान्सफर रेशो (एलईडीतल्या करंटच्या मानाने आउटपुटला मिळणारा करंट) ५० ते ६०० टक्के असा अफाट पसरलेला असतो. डिझाइन नेहमी ५० टक्के धरून करा, आणि एलईडी वापरून वापरून मंद होत जातो म्हणून त्याचाही निम्मा धरा. ५ मिलिअँपिअरचे २५ टक्के म्हणजे १.२५ मिलिअँपिअर. दुसऱ्या बाजूला ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा पुलअप (लाइन सप्लायकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) लावला तर सुमारे १ मिलिअँपिअर खेचावा लागतो. म्हणजे जुनापुराणा पार्टही काम निभावून नेईल. वर्षभर बिनतक्रार चाललेला आणि मग अधूनमधून सिग्नल चुकवू लागलेला बोर्ड आला की मी आधी हेच गणित तपासते, आणि बऱ्याच वेळा तिथे १ किलोओहमचा पुलअप सापडतो.

२४ व्होल्टचा इनपुट वाचताना ४.७ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावला की ४.८५ मिलिअँपिअर मिळतात. त्या रेझिस्टरमध्ये ०.११ वॉट जळतात, तेव्हा पाव वॉटचा घ्या. आतला एलईडी उलटे फक्त ६ व्होल्ट सोसतो, म्हणून त्याला उलटा समांतर १एन४१४८ डायोड हवाच. फील्डमध्ये वायर उलट्या जोडल्या जातात, हे गृहीत धरूनच चाला.

पीसी८१७ने पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलून वेग ठरवणारा सिग्नल) मात्र पाठवू नका. त्याचा ट्रान्झिस्टर पूर्ण चालू झाल्यावर बंद व्हायला पुलअपच्या किमतीनुसार काही दहा मायक्रोसेकंद घेतो. २० किलोहर्ट्झचा अख्खा पल्सच ५० मायक्रोसेकंदांचा. चालू होताना लवकर आणि बंद होताना उशिरा, त्यामुळे पल्सची रुंदी बदलते आणि मोटरचा वेग तुम्ही सांगितला त्यापेक्षा वेगळाच येतो. वेगवान सिग्नलला ६एन१३७ घ्या, जो १० मेगाबिटपर्यंत जातो, आणि त्याच्या सप्लायच्या दोन पिनांना लागून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याच्याशिवाय तो स्वतःच ऑसिलेट होऊ शकतो. मॉसफेटचा गेट थेट चालवायचा तर टीएलपी२५०, त्यालाही तोच कपॅसिटर. ट्रायॅकसाठी एमओसी३०२१, हीटरसारखं लोड नुसतं चालू-बंद करायचं असेल तर झीरो क्रॉसिंगवर (एसी शून्यातून जाताना) चालू होणारा एमओसी३०६३, नॉइज पुष्कळ कमी होतो. पण दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करायचा असेल तर तिथे एमओसी३०६३ चालत नाही, ३०२१च लागतो.

आयएसओ७७२१सारखे डिजिटल आयसोलेटर वेगवान आहेत आणि एलईडी नसल्यामुळे मंद होत नाहीत. त्यांच्याबाबत एक गोष्ट डेटाशीटमधून शोधून काढाच: इनपुटच्या बाजूचा सप्लाय गेला तर आउटपुट काय होतं? आयएसओ७७२१चं आउटपुट अशा वेळी हाय होतं. शेवटी एफ असलेल्या प्रकारात लो. कंट्रोलचा सप्लाय गेल्यावर हीटर आपोआप चालू होणारा बोर्ड याच एका अक्षराने तयार होतो. कंट्रोल मेलं की लोड बंद, हा नियम मी कुठेही मोडत नाही.

रिले मॉड्यूलवरचा जंपर

तयार निळे रिले बोर्ड मिळतात, त्यावर ऑप्टोकपलरही असतो. तरी आयसोलेशन मिळत नाही, कारण एका कोपऱ्यात जेडी-व्हीसीसी आणि व्हीसीसी यांना जोडणारा छोटा जंपर बसवलेला असतो. तो बसलेला असेपर्यंत रिलेची कॉइल आणि ऑप्टोकपलरचा एलईडी एकाच सप्लायवर असतात. ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल सत्तरएक मिलिअँपिअर घेते. असे आठ रिले म्हणजे अर्ध्या अँपिअरहून जास्त, तेही तुमच्या कंट्रोलरच्या सप्लायमधून.

जंपर काढा. जेडी-व्हीसीसी आणि त्याच्या शेजारच्या ग्राउंडला दुसरा, वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या. कंट्रोलरकडून फक्त व्हीसीसी आणि इनपुटच्या वायरी न्या. इनपुटच्या पट्टीवर जी ग्राउंडची पिन दिसते ती कंट्रोलरला जोडायची नाही. अशा बहुतेक बोर्डांवर ती पिन कॉइलच्या बाजूची असते, आणि ती जोडली की जंपर काढल्याचा काही उपयोग राहत नाही. ग्राउंड नाही तर करंट जाणार कसा, असं वाटेल. तो व्हीसीसीमधून निघून एलईडी आणि रेझिस्टरमधून येतो आणि इनपुटची पिन लो झाल्यावर कंट्रोलरच्याच आत जातो, म्हणजे त्याचा फेरा कंट्रोलच्या बाजूलाच पूर्ण होतो. अर्थात व्हीसीसी आणि कंट्रोलरच्या पिनचं व्होल्टेज सारखं असलं पाहिजे. ३.३ व्होल्टचा कंट्रोलर असेल तर व्हीसीसीलाही ३.३ द्या आणि एलईडीला पुरेसा करंट मिळतो का ते मोजा.

ॲनालॉग मोजमाप आणि कम्युनिकेशन

ॲनालॉग सिग्नल रेषेपलीकडे न्यायचं शक्यतो टाळा. साध्या ऑप्टोकपलरमधून व्होल्टेज अचूक जात नाही. तापमान बदललं की रीडिंग बदलतं. पॉवरच्या बाजूलाच एक छोटा कंट्रोलर ठेवा, तिथेच मोजा, आणि आकडा सिरियल लाइनवरून एका ऑप्टोकपलरमधून पाठवा. एक-दोन तारांत काम होतं आणि पुढे मोजायच्या गोष्टी वाढल्या तरी रेषा तशीच राहते.

करंट मोजायला एसीएस७१२ सोयीचा, कारण तो चुंबकीय क्षेत्रावरून मोजतो आणि आतून आयसोलेटेड असतो. पाच अँपिअरचा प्रकार दर अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देतो, आणि शून्य करंटला आउटपुट सप्लायच्या निम्म्यावर असतं. त्याचं पॅकेज लहान आहे, दोन बाजूंच्या पिनांमध्ये जेमतेम ४ मिमी अंतर राहतं. मेन्सवर वापरलात तर कंट्रोलच्या बाजूला माणसाचा हात लागणार नाही अशीच रचना ठेवा.

आय-स्क्वेअर-सी या दोन वायरींच्या कम्युनिकेशनमध्ये डेटाची वायर दोन्ही दिशांनी चालते, तिथे साधा ऑप्टोकपलर चालत नाही. आयएसओ१५४० किंवा एडीयूएम१२५० हे त्यासाठीच बनवलेले आयसी आहेत.

पीसीबी

रेषा आता तांब्यावर उतरवायची. मेन्स आणि कंट्रोल यांच्या मधे मी ८ मिमी रुंदीचा पट्टा मोकळा ठेवते, सगळ्या लेयरवर. ग्राउंडचा कॉपर पसरवताना सॉफ्टवेअर मधल्या लेयरमध्ये गुपचूप आत शिरतं, तेव्हा प्रत्येक लेयर स्वतंत्र उघडून बघा. साध्या चार पिनांच्या ऑप्टोकपलरच्या दोन रांगांमध्ये ७.६२ मिमी अंतर असतं. पॅडचा व्यास १.६ मिमी धरला तर मधे उरतात ६ मिमी. म्हणून मेन्ससाठी पाय बाहेर पसरवलेला, १०.१६ मिमीचा प्रकार घ्या, किंवा ऑप्टोकपलरच्या पोटाखाली पीसीबीत खाच कापा. खाच निदान १ मिमी रुंद हवी. त्याहून बारीक खाच धुळीने भरते आणि नियमांमध्येही ती धरली जात नाही. सोल्डरिंग झाल्यावर त्या पट्ट्यातला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा.

हीटसिंकचं विसरू नका. टीओ-२२० मॉसफेटचा धातूचा पत्रा म्हणजे त्याचा ड्रेन. दोन मॉसफेट एकाच हीटसिंकवर बिनअभ्रकाचे बसवले, किंवा हीटसिंक डब्याला टेकला, की रेषा तिथेच तुटली. अभ्रक किंवा सिलिकॉनचं पॅड आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश, दोन्ही लागतात. पीसीबीच्या कोपऱ्यातले स्क्रूसुद्धा बघा: कंट्रोलच्या दोन भोकांना ग्राउंड आणि पॉवरच्या दोन भोकांना दुसरं ग्राउंड असेल, तर धातूचा डबा त्यांना जोडतो.

आणि एवढं सगळं केल्यावरही थोडा करंट रेषा ओलांडतोच. डीसी-डीसी मॉड्यूलच्या दोन वाइंडिंगमध्ये समजा २० पिकोफॅरडचा कपॅसिटन्स आहे आणि पॉवरची बाजू नॅनोसेकंदाला १० व्होल्ट या वेगाने उसळते आहे. २० पिकोफॅरड गुणिले तो वेग, म्हणजे ०.२ अँपिअरचे टोकदार पल्स कंट्रोलमध्ये. त्यासाठी कमी कपॅसिटन्सचं मॉड्यूल निवडा, गेटचा रेझिस्टर थोडा वाढवून उसळी मंद करा, आणि गरज पडली तर दोन ग्राउंडमध्ये छोटा कपॅसिटर टाकून त्या पल्सला परतीचा जवळचा रस्ता द्या. रेषेच्या एका बाजूला मेन्स असेल तर तो वाय वर्गाचाच सेफ्टी कपॅसिटर हवा. साधा सिरॅमिक शॉर्ट झाला तर कंट्रोलच्या बाजूला मेन्स येतं.

तपासणी

सगळे सप्लाय काढा. मल्टिमीटर सगळ्यात मोठ्या ओहमच्या रेंजवर लावून दोन्ही ग्राउंडमध्ये मोजा. ओपन दिसलं पाहिजे. मग एकेक केबल जोडत जा आणि दर वेळी पुन्हा मोजा: डिस्प्ले, प्रोग्रॅमर, सेन्सर, फॅन, शेवटी डब्याचं झाकण स्क्रूंसकट. ज्या केबलने आकडा कोसळतो ती तुमच्या कागदावर नव्हती.

यूएसबीकडे खास लक्ष द्या. टेबलवरच्या संगणकाचं ग्राउंड अर्थला जोडलेलं असतं. पॉवरच्या बाजूच्या कंट्रोलरला प्रोग्रॅमिंगची केबल लावली की तीच बाजू अर्थला जाते. ती बाजू मेन्सवर असेल तर फ्यूज उडणं हे त्यातल्या त्यात चांगलं फळ. तिथे यूएसबी आयसोलेटर वापरा, किंवा मेन्स पूर्ण काढून मगच प्रोग्रॅम करा. ऑसिलोस्कोपची काळी क्लिपही अशीच अर्थला जोडलेली असते. पॉवरच्या बाजूचं वेव्हफॉर्म बघायचं तर डिफरेन्शियल प्रोब (दोन बिंदूंमधला फरक मोजणारा, अर्थशी न जोडता) घ्या. स्कोपची अर्थ पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या स्कोपचा अख्खा धातूचा भाग मग मेन्सच्या व्होल्टेजला येतो. असं कुणी करताना दिसलं तर हात धरून थांबवा.

सप्लाय चालू केल्यावर दोन ग्राउंडमध्ये एसी व्होल्टेज मोजलं की कधीकधी शंभरएक व्होल्ट दिसतात. घाबरण्याआधी त्या दोन टोकांमध्ये १० किलोओहमचा, निदान ५ वॉटचा रेझिस्टर क्लिपने लावा, तोही सप्लाय बंद असताना, आणि पुन्हा चालू करून मोजा. आकडा दोनेक व्होल्टवर आला तर ती अॅडॅप्टरच्या आतल्या वाय कपॅसिटरमधली किरकोळ गळती आहे. आकडा तसाच टिकला तर आयसोलेशन खरंच फुटलं आहे. लगेच बंद करा. हा प्रयोग दोन्ही बाजू कमी व्होल्टेजच्या असतील तेव्हाचा. एक बाजू थेट मेन्सला जोडलेली असेल तिथे रेझिस्टर वगैरे लावायचा नाही. तिथे सप्लाय काढून ५०० व्होल्टच्या इन्सुलेशन टेस्टरने मोजतात, दोन्ही बाजूंचे टर्मिनल आपापसात शॉर्ट करून, म्हणजे आतल्या आयसींवर ते व्होल्टेज येत नाही.

शेवटी लोड लावून चालवा. मोटर पूर्ण लोडवर चालू-बंद करत राहा आणि कंट्रोलरला दर सेकंदाला एक आकडा वाढवत पाठवायला सांगा. आकडा पुन्हा एकपासून सुरू झाला तर रिसेट झाला, हे लगेच कळतं. चालू मोटर असताना कंट्रोलचा सप्लाय काढून बघा, मोटर थांबलीच पाहिजे. मग उलट, पॉवरचा सप्लाय काढा आणि डिस्प्ले हलतो का बघा.

पीसीबीच्या सिल्कस्क्रीनवर (छापील अक्षरांच्या थरावर) ती मोकळी पट्टी रेघ मारून दाखवा आणि तिथे छापा: "दोन्ही ग्राउंड वेगळी आहेत, जोडू नका." पुढचा दुरुस्ती करणारा सिग्नल मिळत नाही म्हणून पहिली गोष्ट हीच करतो, एका ग्राउंडवरून दुसऱ्यावर वायर टाकतो.